ओळख पटवणारा इसम

हसुनाना गेले हे मला कुणी कळवलं नाही. त्यांच्या भावकीतल्या जमिनीच्या कुठल्याशा तुकड्याचा दस्त माझ्या काउंटरवर आला आणि वारसांची नावं भरताना मीच टाइप केलं, ‘मयत हसुराम’. पुढचं अक्षर उमटेना. समोरचा म्हणाला, “मॅडम, सिस्टिम हँग झाली काय?” मी म्हटलं, हो, झाली. पाच मिनिटं काउंटर बंद ठेवला, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडून घेतलं. मी तशी तोंडाळ बाई आहे. ऑफिसात लोक मला टरकून असतात, मी कुणासाठी रडत नाही. पण नानांचं मला लागलं, आणि का लागलं ते मला कुणाला तरी सांगायचंय.

आमचं दस्त नोंदणीचं ऑफिस पनवेलच्या अंगाला आहे. मी सानपाड्याहून येते. वडिलांनी आयुष्यभर मार्केटात पोती वाहिली, मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. मी इथे डेटा एंट्रीला लागले तेव्हा नवीन नवीन मला वाटायचं, काय सोपं काम आहे, बघून टाइप करायचं. नानांनी ती समजूत पहिल्याच आठवड्यात मोडली.

तेव्हा पद्धत अशी होती की घर विका, बक्षीस द्या, हक्क सोडा, काहीही नोंदवायचं तर पार्टीबरोबर दोन माणसं लागायची. दस्ताच्या शेवटी ठरलेलं वाक्य छापून यायचं: खालील इसम असे निवेदन करतात की ते दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात व त्यांची ओळख पटवितात. त्याखाली दोघांचे फोटो, अंगठे, सह्या. आता एवढं मोठं शहर झालेलं, शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते कुणाला ठाऊक नाही, ओळखणारा आणायचा कुठून? त्यामुळे गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर पैसे घेऊन सही करणारी माणसं उभीच असायची. सकाळी एका पंजाबी कुटुंबाला ओळखायची, दुपारी एका मल्याळी कुटुंबाला. दोन्ही कुटुंबांना अगदी लहानपणापासून.

नाना त्यातले नव्हते. ते इथल्याच गावातले, आगरी. बुटके, काळेसावळे, पांढरा लेंगा, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक बंद पडलेलं. ऑफिसातल्या बाकड्याच्या टोकाला पाय वर घेऊन बसायचे. त्यांच्या पंचक्रोशीतलं कुणी दस्ताला आलं की त्यांना बोलावून आणायचं, कारण ते खरोखरच सगळ्यांना ओळखायचे. तरुणपणी ते मिठागरावर होते. पण त्यांचं खरं काम म्हणजे आवतणं देणं. गावात कुणाकडे लग्न निघालं की पत्रिका छापून भागत नाही, माणसानं दारात जाऊन तोंडी सांगावं लागतं. ते काम नानांकडे. कुठल्या घरात आधी आजीला सांगायचं, कुठे दोन भावांचं बोलणं नाही म्हणून दोन चुलींना वेगवेगळं आवतण द्यायचं, कुठली लेक परत माहेरी येऊन राहिलीय आणि तिचं नाव घेतलं नाही तर ती रुसेल, हे सगळं त्यांच्या डोक्यात. एकही नाव कागदावर नाही. चालत जायचे, चालत यायचे.

माझ्या पहिल्याच आठवड्यात एक बिल्डरचा माणूस घाईत होता. दोन सह्यांपैकी एक कमी पडत होती. त्यानं नानांना सरळ खांद्याला धरून आणलं. “काका, जरा इथे सही मारा ना.”

“मी यांना ओलखत नाय,” नाना म्हणाले.

“अहो, फॉर्मॅलिटी आहे. हे बघा, कार्ड आहे ना त्यांचं.”

“मग कार्डालाच सही करायला सांग.”

मी फिस्सकन हसले. नानांनी माझ्याकडे वळून बघितलं. “ए घाटावरचे, तू वाचून दाखव यांना. काय लिवलाय खाली?” मी वाचलं. ‘व्यक्तिशः’ पाशी त्यांनी हात वर केला. “थांब. याचा अर्थ काय?”

मी म्हटलं, “म्हणजे... पर्सनली.”

“तुजा इंग्लिश र्‍हाऊ दे. म्हनजे मी याच्या घरी गेलो पायजे, यानं मना पानी दिला पायजे, याचा बापूस मेला तवा मी खांदा दिला पायजे. तवा व्यक्तिशः. काय?” बिल्डरचा माणूस पाय आपटत टपरीकडे गेला आणि दोन मिनिटांत सही करणारा घेऊन आला. नाना परत बाकड्यावर जाऊन बसले. मला मात्र तेव्हापासून ते ‘ए घाटावरचे’ अशीच हाक मारायचे, आणि दुसऱ्या कुणी मारली असती तर मी त्याचं काय केलं असतं देव जाणे.

पण मला त्यांचा राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. ओळख असली तरी हा माणूस पटकन सही करायचा नाही. पार्टी टोकन घेऊन बसलेली, दस्त टाइप होऊन तयार, आणि नाना उठून म्हणायचे, “बाय, जरा बाहेर चल.” मग त्या म्हातारीला किंवा म्हाताऱ्याला घेऊन स्कूटर पार्किंगच्या पत्र्याखाली जायचे. मुलं, सुना, वकील, कुणी बरोबर यायचं नाही. तिथे तीन गोष्टी विचारायचे. काय देतेस? कुनाला देतेस? आनि दिल्यावर तू कुठं र्‍हाशील?

बस. तेवढंच. सल्ला द्यायचे नाहीत, देऊ नको म्हणायचे नाहीत. उत्तर मिळालं की आत यायचे आणि सही करायचे. पण त्या तिसऱ्या प्रश्नाला कितीतरी माणसं तिथे पत्र्याखाली नुसती उभी राहायची. मला काचेतून दिसायचं. त्यांना तोवर हे कुणी विचारलेलंच नसायचं.

एकदा महापेच्या कुठल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला एक मुलगा आईला घेऊन आला. गावठाणातलं आईचं घर त्याला बक्षीस. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच, अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली. आई पत्र्याखालून परत आली आणि खुर्चीत बसत म्हणाली, “देते. पन खालची पडवीची खोली मी मरेपर्यंत माजी. तसा लिवा.”

मुलगा उडालाच. “आई, मी काय तुला घराबाहेर काढणारे का?”

“नाय काढनार ना? मग लिव.”

“नाना, तुम्ही काय डोक्यात भरवलंत तिच्या?”

नाना म्हणाले, “मी कुटं भरवला? मी इचारला.”

वकिलानं कपाळाला हात लावला. दस्त सगळा परत टाइप, पुन्हा टोकन, पुन्हा फोटो. माझं जेवण राहिलं त्या दिवशी. मी डबा बंद करत नानांना ऐकवलं, “तुम्ही ना नाना, समाजसेवा तुमची आणि बोटं मोडतात माझी.” ते खळखळून हसले. दुसऱ्या दिवशी घरून वाकट्या मासळीचं सुकं घेऊन आले, डब्यात भरून, आणि माझ्या टेबलावर ठेवून गेले.

हे असं ते का करतात, ते मला दोनेक वर्षांनी कळलं. कळलं ते त्यांच्याच तोंडून, आणि एकदाच.

त्यांच्या गावात बारकीबाय नावाची एक बाई होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. शहर वसवायला गावाच्या जमिनी गेल्या, त्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळाले, त्यात तिचा नवरा आणि दीर यांचा मिळून एक होता, त्यावरच तिचं घर होतं. एक दिवस दीर तिला आमच्या ऑफिसात घेऊन आला, म्हणजे मी लागायच्या आधीची गोष्ट. ओळखायला हसुनानांना बोलावलं. त्यांनी बारकीला बघितलं, तिनं त्यांना बघितलं, दोघं एकमेकांना जन्मापासून ओळखणारे. नानांनी सही केली. तिनं अंगठा लावला. हक्कसोड झाली.

वर्षभरानं नाना कुणाच्या तरी लग्नाचं आवतण घेऊन तिच्या दारात गेले तर तिथे दारच नव्हतं. घर पाडून इमारतीचं पायलिंग चाललेलं. विचारत विचारत ते खाडीपलीकडच्या गावात गेले. बारकीबाय बहिणीच्या घरामागे पत्र्याच्या खोपट्यात राहत होती. जाळी वाळत टाकायची जागा होती ती. तिनं नानांना पाणी दिलं. नाना म्हणाले, “बारके, असा कसा केलास तू? समदा लिवून दिलास?” तर ती म्हणाली, “मना कुटं म्हाईत व्हता काय लिवलाय? दीर बोलला, विधवा पेन्शनचा कागद हाय. मना जरा शंका आल्ती. पन तुमी बाजूला उभे व्हते ना नाना, म्हनून मी अंगठा लावला.”

हे सांगताना नाना माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या भिंतीवर टोकनचे आकडे बदलत होते, तिकडे बघत होते.

ते गप्प बसले नाहीत. तिला वकिलाकडे नेलं, केस घातली, स्वतः साक्षीला उभे राहिले. आणि तिथेच घात झाला. समोरच्या वकिलानं त्यांना जास्त छळलं नाही. “अंगठा लावणारी बाई हीच होती ना?” नाना म्हणाले, “व्हय, हीच.” “तुम्ही हिला व्यक्तिशः ओळखता?” “व्हय.” “ही तुमचीच सही?” “व्हय.” झालं. ज्या सहीनं तिचं घर गेलं तीच सही तिच्या विरोधातला सगळ्यात पक्का पुरावा ठरली. नाना सांगू लागले की तिला ठाऊक नव्हतं, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की तुम्हाला जेवढं विचारलंय तेवढंच बोला.

“ओलख बरोबर व्हती गं,” ते मला म्हणाले. “बाई तीच व्हती. ओलखीत काय बी खोट नाय. मी इचारला नाय, येवढाच.”

बारकीबाय त्याच खोपट्यात वारली. तेव्हापासून नाना पत्र्याखाली जाऊन विचारायला लागले. मी त्यांना परत कधी बोटं मोडण्याबद्दल बोलले नाही. मला लाज वाटली.

मग राज्यानं रहिवाशांच्या डिजिटल ओळखीचा कायदा केला. प्रत्येकाचा एक नंबर, चेहरा कॅमेऱ्याला दाखवायचा, स्क्रीनवर गोल फिरतो आणि हिरवा होतो. ओळख पटली. दोन इसमांची गरज संपली. छापलेलं ते वाक्य फॉर्मवरून गेलं. खरं बोलायचं तर मला आनंदच झाला. टपरीवरची ती लबाड जत्रा एका महिन्यात पांगली. काम निम्म्या वेळात व्हायला लागलं. खोटा माणूस उभा करून जमीन लाटायचे प्रकार आम्ही डोळ्यांनी बघितलेले, ते थांबले. कायदा वाईट आहे असं मी आजही म्हणणार नाही.

नानांनाही आधी बरंच वाटलं. काउंटरवर वाकून त्यांनी त्या हिरव्या गोलाकडे टक लावून बघितलं. “लय चांगला झाला. खोटे गेले.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “आनि इचारनार कोन?”

मी म्हटलं, “नाना, तेही आहे त्यात. हे बघा, इथे येतं: मला दस्ताचा मजकूर समजला असून तो मान्य आहे. पुढे चौकोन आहे. टिक केल्याशिवाय पुढेच जात नाही.”

“टिक कोन करतो?”

नियमाप्रमाणे पार्टीनं करायची. पण म्हाताऱ्या माणसांना माउस धरता येत नाही, बोट भलतीकडे जातं, रांग खोळंबते. म्हणून टिक आम्हीच करतो. सगळेच करतात. हात सवयीनं जातो, दिवसाला कितीदा तेही आठवत नाही.

“तू करतेस,” नाना म्हणाले. रागानं नाही. जसं काही मी दमलेय हे त्यांना दिसलं, असं.

त्यानंतर काही महिने ते येत राहिले. आता त्यांना कुणी बोलावत नव्हतं, ते आपले यायचे. बाकड्यावर बसायचे, ओळखीचं म्हातारं माणूस दिसलं की उठून जवळ जायचे. लोकांच्या तक्रारी आल्या. हा कोण, आमच्या घरच्या गोष्टीत नाक खुपसतो, एजंट आहे का? त्यांना आत सोडू नको म्हणून वॉचमनला सांगण्यात आलं. आमचे साहेब तसे सज्जन, त्यांनी स्वतः बाहेर येऊन नानांना समजावलं, “काका, आता तुमचं इथे काही काम नाही हो. उगाच कुणी उलटसुलट लिहून दिलं तर मला तुमच्यावर कारवाई करावी लागेल.” नानांनी मान हलवली. “बराबर हाय तुमचा.” पिशवी घेतली आणि निघाले. जाताना माझ्या खिडकीशी थांबले, “येतो गं घाटावरचे,” म्हणाले. मी समोरच्या पार्टीचा नंबर टाकत होते. मी “हां नाना” म्हटलं, मान वर केली नाही.

मग मधे दीड-दोन वर्षं गेली. आणि ते परत आले, या वेळी पार्टी म्हणून.

मुलगा त्यांना गाडीतून घेऊन आला होता, प्रवीण नाव. वागायला नीट. वडिलांना धरून आणलं, खुर्ची पुसून बसवलं. “ताई, जरा लवकर होईल का? त्यांना फार वेळ बसवत नाही.” नाना निम्मे झाले होते. नवा कोरा शर्ट घातलेला, घडीच्या रेघा तशाच. दस्त बक्षीसपत्राचा होता. करंजाड्यातला प्लॉट आणि त्यावरचं घर, सगळं मुलाच्या नावे. मी पानं उलटत चाळलं. राहण्याचा हक्क कुठेच ठेवलेला नव्हता. पडवीची खोली नाही, काही नाही. तशा ओळी मी शेकडो दस्तांत टाइप केल्यात, त्या नसल्या की मला लगेच कळतं.

पुढे काय झालं ते मी नंतर तुकड्या-तुकड्यानं ऐकलं. प्रवीणनं घर बिल्डरला दिलं, इमारत होईपर्यंत भाड्यानं राहू म्हणाला, त्या भाड्याच्या जागेत नानांची सोय होईना, मग मुलीकडे ठेवलं. मुलीचा संसार एका खोलीचा. नाना तिथे, तिच्या सासरच्या माणसांत, कॉटवर पडून-पडूनच गेले. प्रवीणनं त्यांना फसवलं असं मी म्हणत नाही. त्याला पण वाटलं असेल की वर्षभराचाच प्रश्न आहे. नानांना सगळं समजत होतं का, त्यांनी आपखुशीनं दिलं का, हे मला माहीत नाही. आणि माहीत नाही याला मीच कारण आहे.

त्या दिवशी मी म्हटलं, “नाना, इकडे बघा. कॅमेऱ्यात.” त्यांनी बघितलं. गोल फिरला, हिरवा झाला. स्क्रीनवर ती ओळ आली. माझा हात गेला. टिक झाल्यावर मला कळलं की मी टिक केली. प्रवीणचं झालं, दोघांचे अंगठे झाले, पावती निघाली.

“झालं नाना,” मी म्हटलं.

नाना उठले नाहीत. हात मांडीवर ठेवून बसून राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. प्रवीण पावती घेऊन फोटोकॉपीच्या खिडकीकडे गेला होता. काउंटरपाशी आम्ही दोघंच. एवढा निवांतपणा त्या ऑफिसात वर्षातून एकदा मिळत असेल. प्रवीण परत यायला दोन-तीन मिनिटं तरी लागणार होती, आणि दस्त अजून साहेबांच्या सही-शिक्क्याला जायचा होता, म्हणजे थांबवायचं तर थांबवता आलं असतं. नानांना बोलता येत नव्हतं असं नाही. ते मी तोंड उघडायची वाट बघत होते, हे मला कळत होतं. अगदी स्वच्छ कळत होतं. तीन साधे प्रश्न होते, मला पाठ होते.

मागून कुणीतरी म्हणालं, “मॅडम, एकशे सात झाला का?”

मी स्क्रीनकडे बघत म्हटलं, “नाना, उठा आता. पुढच्यांना बसू द्या.”